फळी वाजली का?

माझ्या वडिलांना हॉकीतल्या फक्त दोन आवाजांशी देणंघेणं उरलं आहे. एक, चेंडू गोलच्या आतल्या लाकडी फळीवर आपटतो तो. दुसरा, गोलकीपर ओरडतो तो. बाकी कुठला संघ, कोण मालक, कोणत्या रंगाची जर्सी, हे त्यांच्या लेखी कधीच संपलं. पण याच दोन आवाजांवर लीगवाल्यांनी, चॅनलवाल्यांनी आणि मोबाईल कंपनीने मिळून असा काही डूख धरला, की मला वाटायचं, मुंबईत कुठेतरी काचेच्या खोलीत बैठक भरत असावी आणि विषयपत्रिकेवर पहिला विषय असावा : केडगावच्या म्हाताऱ्याला ऐकू कसं येऊ द्यायचं नाही.

वडील नगरच्या लष्करी वर्कशॉपात फिटर होते आणि वर्कशॉपच्या संघाचे गोलकीपर. मैदान मुरमाचं. पहिल्या दहा मिनिटांत पांढरा चेंडू तांबडा व्हायचा आणि खडा लागून कुणीकडे उडेल याचा नेम नसायचा. वडील सांगायचे, "मुरमावर जो डोळ्यानं खेळतो त्याचं दात जातात. कानानं खेळायचं." आम्हाला ती फुशारकी वाटायची. चेंडू गोलजवळ आला की कीपरने मोठ्याने "माझा!" म्हणायचं, म्हणजे बाकीच्यांनी मध्ये पाय घालायचा नाही, अशी त्यांच्या संघाची रीत होती. ती त्यांनी घरीही आणली. ओट्यावरून वाटी घरंगळली की "माझा!" आणि पाय पुढे. आईचं लाटणं, माझी कंपासपेटी, कुकरची शिट्टी, सगळं वडिलांच्या पायाशी येऊन थांबायचं. आई म्हणायची, "या घरात काही खाली पडायची सोयच नाही."

आई गेली, आणि मग वडिलांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. तो कडेकडेने दृष्टी खात आत आला. आता त्यांना समोरचा उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तेव्हापासून वाटी घरंगळली तर घरंगळते. ते "माझा" म्हणत नाहीत. मला ते फार लागतं, आणि मी ते त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

हॉकी मात्र त्यांनी सोडली नाही. मी राहुरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सामन्यांच्या दिवसांत संध्याकाळी घरी यावं, तर वडील टीव्हीच्या बाजूला खुर्ची आडवी टाकून, पडद्याकडे पाठ आणि स्पीकरकडे कान करून बसलेले. स्टिकचा आवाज कोरडा, पॅडचा दबका, फळीचा खणखणीत. "डावीकडून आलाय," ते मला सांगायचे आणि मी पडद्यावर बघायचे, तर खरंच डावीकडून आलेला असायचा. त्यातही एका संघाचा एक गोलकीपर त्यांचा विशेष लाडका. तो दिसायला कसा आहे हे त्यांना ठाऊक नाही. पण तो अखंड बोलतो. आपल्या बचावपटूंना उजवं, डावं, मागं, सोड, धर, असं तासभर ओरडून सांगत राहतो आणि चेंडू अंगावर आला की "मेरा!" म्हणून असा गर्जतो की आमच्या शोकेसमधल्या बरण्या थरथरतात.

"त्यो माझा रेडिओ हाय," वडील म्हणायचे. "त्यो बोलतोय तवर मला सगळं दिसतंय."

लीगने पहिलं काम केलं ते म्हणजे हा रेडिओ विकला. लीग काही वर्षं चालली, मग कारण न सांगता बंद पडली, मग "नव्या रूपात" सुरू झाली. नव्या रूपात आपल्याकडचा, म्हणजे त्या कीपरचाच, संघ एका नव्या मालकाने घेतला, त्याचं नाव बदललं, रंग बदलला आणि तो बाराशे किलोमीटर लांबच्या एका शहरात नेऊन ठेवला. खेळाडूंचा लिलाव झाला. वडिलांना मी तो वाचून दाखवत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "घोडेगावच्या बाजारात निदान बैलाचं दात बघत्यात. ह्यांनी काय बघितलं?" मी म्हटलं, वय बघितलं. त्यांच्या कीपरचं वय झालं होतं, त्यामुळे तो शेवटी स्वस्तात तिसऱ्याच संघाकडे गेला. वडिलांनी त्याच मिनिटाला संघ बदलला. चाहत्यांची निष्ठा वगैरे ज्या गोष्टी जाहिरातीत सांगतात, त्या आमच्या घरी एका खुर्चीवर बसून एका वाक्यात मिटल्या.

मग प्रक्षेपणवाल्यांची पाळी आली. त्यांच्या लक्षात आलं की हॉकीत अधूनमधून शांतता असते. पेनल्टी कॉर्नरच्या आधी सगळे दम धरून उभे असतात, तेव्हा कीपर काय सांगतो ते ऐकायला वडील कानामागे हात धरून बसायचे. त्या जागी आता ढोल आला, मग डीजे आला, मग कुठल्याशा मालिकेतली एक नटी आली, तिने समालोचकांच्या खोलीत बसून "वॉव" म्हणायचं. प्रत्येक पेनल्टी कॉर्नरला एका बनियनच्या कंपनीचं नाव मिळालं. समालोचक दोघे, आणि दोघांचा एकमेकांवर अजिबात विश्वास नसल्यासारखे दोघे एकाच वेळी बोलायचे.

मी चिडले की लिहिते. हा माझा जुना रोग आहे, शाळेतले लोक त्याला वचकून असतात. मी चॅनलला सविस्तर पत्र लिहिलं : माझे वडील दृष्टिहीन आहेत, ते मैदानातल्या आवाजावर सामना समजून घेतात, तरी कृपया खेळ चालू असताना संगीत थांबवावं. दुसऱ्या मिनिटाला उत्तर आलं. माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा होता. खाली विचारलं होतं, आपल्याला कोणत्या प्रकारचं संगीत ऐकायला आवडेल? मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आलं, या वेळी टाळ्या वाजवणाऱ्या अस्वलाच्या चित्रासह.

"जाऊ दे," वडील म्हणाले. "यंत्र हाय ते. त्याला कान कुठनं आसनार?"

आणि या मोसमात हॉकी टीव्हीवरून गेलीच. ती मोबाईलच्या एका ॲपमध्ये शिरली. ॲपही असं, की सरळ मागितलं तर मिळत नाही, एका ठरावीक कंपनीचं रिचार्ज असेल तरच उघडतं. माझं सिम दुसऱ्या कंपनीचं. नवं घ्यायला गेले, तर नव्या ग्राहकांना ही सोय पुढच्या रिचार्जपासून, म्हणजे मोसम संपल्यावर.

इथे मामा आले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, राहणार शनिशिंगणापूर. देवळाच्या वाटेवर त्यांचं तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान आहे. एकदा भेटायला आले, तर वडील बंद टीव्हीच्या बाजूला खुर्ची आडवी टाकून तसेच बसलेले. मामांनी चहा तसाच ठेवला आणि खिशातून मोबाईल काढला. त्यांच्याकडे नेमकं तेच रिचार्ज होतं.

"दाजी, आपल्याकडं फुकाट येतंय हे. मी कवा उघडून बी बघितलं न्हाई. तुमी घ्या की."

मी त्यांच्या फोनवर खातं उघडायला बसले. पासवर्ड मागितला. मामांनी विचारलं, ते काय असतं? मी म्हटलं, कुलूप. दुसऱ्या कुणी उघडू नये म्हणून.

मामांचा चेहरा पडला. त्यांच्या घराला चौकट आहे, दार नाही. गावात आता काही नव्या बांधकामांना दारं दिसतात, पण मामांच्या घराला पडदा आहे आणि त्यांनी आयुष्यात किल्ली बाळगलेली नाही. "बाई, आमच्यात कुलूप लावत न्हाईत," ते म्हणाले. "त्याच्याबिगर न्हाई का हुयाचं?"

त्याच्याबिगर होत नव्हतं. मग त्यांनी नाइलाजाने गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असं सांगितलं. ॲपने लाल अक्षरात कळवलं की पासवर्ड कमकुवत आहे. "आसू दे," मामा म्हणाले, "पडद्यापरीस मजबूत हाय."

महिनाभर आमचं उत्तम चाललं. माझ्या फोनवर मामांच्या खात्यातून सामना लागायचा, मी तो वडिलांच्या कानाशी धरायचे, आणि ढोल, डीजे, नटी या सगळ्यांच्या खालून वडील आपला कीपर शोधून काढायचे, तांदळातला खडा काढावा तसा. त्याच सुमारास पेपरात आलं की हा त्याचा शेवटचा मोसम. वडिलांनी ती बातमी दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "त्यो गप झाला की माझं बी बघायचं संपलं." हे त्यांनी हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मी भाजी चिरत होते. मला पुढचं काही दिसेना.

त्याचा संघ उपांत्य फेरीत गेला. दुसऱ्या सत्रात एक-एक अशी बरोबरी असताना पडदा काळा झाला आणि पाटी आली : या खात्यावर एकाच वेळी अनेक ठिकाणी प्रक्षेपण पाहिलं जात आहे. मी पुन्हा उघडलं, पुन्हा पाटी. वडील "काय झालं, काय झालं" करत राहिले. त्यांचा संघ जिंकला हे आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं, आठव्या पानावर, एका बोटाएवढ्या बातमीत.

मी मामांना फोन केला. आवाज चढलेलाच होता. "मामा, तुमच्या खात्यावर कोण कोण बघतंय?"

"ते मला काय म्हाईत?"

"पासवर्ड कुणाला दिला होता?"

"दिला न्हाई बाई. मानसं सारखी इचारायला लागली, मंग भिताडावर लिवून टाकला."

आणि खरंच लिहिला होता. दुकानाच्या भिंतीवर ऑइलपेंटने यादी होती : तेल, रुईची माळ, काळा कपडा, नारळ, आणि पाचव्या ओळीत पासवर्ड. शेजारचे दुकानदार बघत होते, पूजेचं ताट विकणाऱ्या बाया मालिका बघत होत्या, कुणी रांगेतला भाविक जाता जाता टिपून घेऊन परभणीला बघत होता.

"आत्ताच्या आत्ता बदला," मी म्हटलं.

"बदलंन की," मामा म्हणाले. "पर मंग ते दार लावल्यावानी हुईल. इतकी वर्सं न्हाई लावलं."

मी फोन ठेवला. कुणावर रागवावं हेच कळेना. लीगवाल्यांनी दारावर दार लावून हॉकी आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि किल्ली आली ती पृथ्वीवरच्या अशा एकमेव माणसाकडे, ज्याला किल्लीची लाज वाटते.

अंतिम सामना रविवारी होता. मामा म्हणाले, रविवारी दाजींना घेऊन इकडेच या, माझ्याच फोनवर ऐका, खातेवाल्याच्या फोनला कोण अडवतंय. बरं, म्हटलं. तर त्या आठवड्यात लीगने जाहीर केलं की रविवारी क्रिकेट असल्यामुळे प्रेक्षकांच्या सोयीसाठी अंतिम सामना शनिवारी दुपारी चारला होईल. ज्याने हे ठरवलं त्याच्या टेबलावर कॅलेंडर असेल, पंचांग नसेल. त्या शनिवारी अमावास्या होती.

शनी अमावास्येला शिंगणापूरला जाणं म्हणजे काय, ते नगरच्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी एवढंच, की आम्ही सकाळी सातला केडगावहून गाडी काढली आणि पोलिसांनी ती गावाच्या अलीकडे एका रिकाम्या रानात लावायला लावली तेव्हा साडेदहा वाजले होते. पुढे चालत. वडिलांनी माझा दंड धरलेला, चारी बाजूंनी माणसं, तेलाने निसरडा झालेला रस्ता, आणि मी मनातल्या मनात त्या काचेच्या खोलीतल्या बैठकीला असे शब्द वापरत होते, जे मी वर्गात ऐकले असते तर पालकांना बोलावून घेतलं असतं. वडील मात्र खुशीत होते. "मोप पब्लिक हाय," म्हणाले. "फायनलला पायजेच."

मामांनी दुकानात मागच्या बाजूला खुर्ची टाकून ठेवली होती. गिऱ्हाईक तुटत नव्हतं. चार वाजता मी त्यांचा फोन तेलाच्या डब्यावर उभा केला आणि ॲप उघडलं. तीच पाटी. या खात्यावर एकाच वेळी अनेक ठिकाणी.

वडिलांनी विचारलं, "लागलं का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं, एवढीच सोय होती. मामांनी पाटी वाचली. हातातली माळ ठेवली, चप्पल काढली आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर चढून त्या गर्दीच्या वाटेवर हाक दिली :

"ओ! भिताडावरचं बघतायसा त्यांनी बंद करा! आमच्या दाजींना हाकी ऐकायचीय! त्यांना दिसत न्हाई!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण समोरच्या दुकानातून आवाज आला, "केलं बंद, मामा." मग शेजारून. मग पूजेच्या ताटवाल्या बाईने फोन वर करून काळा पडदा दाखवला. मी पुन्हा बोट दाबलं आणि सामना लागला. परभणीवाल्याने बंद केलं की त्याला त्या दिवशी वेळ नव्हता, ते मला माहीत नाही. दोन पत्रांनी जे झालं नव्हतं ते एका हाकेने झालं. मी भिंतीवरच्या पाचव्या ओळीकडे बघितलं आणि आपण मामांना काय काय बोललो ते आठवून मला लाज वाटली.

बंद करणारे मग एकेक करून दुकानातच आले. म्हणता म्हणता पंधरावीस माणसं झाली. त्यातल्या एकालाही हॉकी कळत नव्हती. वडील सांगत होते, ते ऐकत होते, आणि पडद्यावर बघून "व्हय, व्हय, डावीकडूनच" असं म्हणत होते. सामना बरोबरीत सुटला. शूटआऊट आलं, म्हणजे एक खेळाडू चेंडू घेऊन धावत येणार, समोर एकटा कीपर. आपले चार गोल झाले, त्यांचे तीन, आणि उरला तो त्यांचा शेवटचा. हा अडवला तर जिंकलो.

तेव्हा पहिल्यांदाच त्या दोन समालोचकांनी तोंड मिटलं. ढोल थांबला. नटीही गप्प. शिट्टी वाजली. स्टिकचा कोरडा आवाज, एक, दोन, तीन. मग "मेरा!" आणि एक दबका थप्प.

आणि जाहिरात लागली. लोखंडी दरवाजांची होती. शिंगणापुरात.

दुकानात एकच ओरडा झाला. गेला का? अडला का? कुणी फोन हलवत होतं, कुणी माझ्याकडे बघत होतं. पंधरावीस माणसांचे डोळे त्या पडद्यावर होते आणि एकालाही काही दिसलं नव्हतं.

"फळी वाजली का?" वडिलांनी विचारलं. कुणाला कळेना काय म्हणतात. "न्हाई वाजली," तेच म्हणाले. "पॅडवर घेतला त्यानं. उजव्या. जितलो आपण."

"दाजी, जाळीत गेला आसंल तर?" मामांनी भीत भीत विचारलं. "जाळीचा कुठं आवाज येतो?"

"जाळीत गेला तर आधी पॅडचा आवाज कशाला यील?" वडील म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

जाहिरात संपून चित्र आलं तेव्हा खेळाडू कीपरला खांद्यावर घेऊन नाचत होते. तो काहीतरी ओरडत होता, पण डीजे परत सुरू झाला होता. वडिलांनी तोंड फिरवून डोळे पुसले. मामांनी सगळ्यांना चहा सांगितला.

गर्दी ओसरायची वाट बघत आम्ही बसलो होतो. माझ्या फोनवर ॲपचा निरोप आला : आजचा अनुभव पाचपैकी किती तारे? त्याच्या खाली दुसरा : पुढच्या मोसमापासून हॉकी आमच्याकडे दिसणार नाही, नव्या ठिकाणाची माहिती लवकरच कळवली जाईल. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"मंग आता तिथलं काय ते बघावं लागंल," मामा म्हणाले, आणि भिंतीवर अजून एका ओळीला जागा आहे का ते बघू लागले. त्यांचं कोपर लागून चहाचा पितळी पेला फळकुटावरून खाली पडला आणि खणखणत फरशीवरून निघाला. मी उठणार होते.

"माझा!" वडील ओरडले आणि त्यांनी खुर्चीतूनच उजवा पाय पुढे टाकला. पेला त्यांच्या चपलेला लागून थांबला.